एर्नाबाईंची पाळी

जर्मनीच्या श्वाबेन भागातल्या आमच्या इमारतीत जिना झाडायची आठवड्याची पाळी कुणालाच चुकत नाही. १९७३ साली वरच्या मजल्यावरच्या गुड्रून आणि वेंडेलिननं लोकगीतांना रॉकची जोड देऊन गाणी बसवली. आवाज घुमावा म्हणून रेकॉर्डिंग जिन्यातच मांडलं. नेमक्या तेव्हा तळमजल्यावरच्या एर्नाबाई झाडू घेऊन आल्या.

"बाई, तासभर थांबा ना!" गुड्रून विनवू लागली.

"पाळी माझी आहे. तुमची कसली?"

बाई झाडतच राहिल्या. शेवटी वेंडेलिननंच गिटार त्यांच्या झाडूच्या लयीत धरली.

त्या जोडीची तेवढी एकच रेकॉर्ड निघाली. परवा एक तरुण संग्राहक विचारत आला, "ते खरखरणारं वाद्य कोणतं?"

नव्वदीच्या एर्नाबाईंनी त्याच्या हाती झाडू दिला. "वाजवून बघ. वरच्या पायरीपासून सुरुवात कर, अन् कोपरे सोडू नकोस."