हलकं, मग जोरात

ताई बोलायच्या आधी टेबलावर नख वाजवायच्या. एकदा हलकं, एकदा जोरात. मग भुवया उंचावून विचारायच्या, "जोर कुठं हाय, सांग बरं?"

तुम्ही तेव्हा आमच्या बोईसरच्या लॅबमध्ये आला असतात, तर या प्रश्नातून तुम्हीही सुटला नसतात. औषधांच्या कारखान्यात ताई माझ्या सीनियर. किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या, चाळिशी ओलांडलेल्या. मुलं कॉलेजात गेल्यावर त्यांनी बाहेरून इंग्रजीत एम.ए. करायला घेतलं, कारण त्यांना शिकवायचं होतं. आणि कवितेच्या पेपरात त्या नापास झाल्या. घरी बोलल्या नव्हत्या. मला सांगितलं ते टायट्रेशन करता करता, ब्यूरेटमधून पडणाऱ्या थेंबांवरची नजर न हलवता.

"छंदाच्या प्रश्नात भोपळा. शाळेतल्यासारखे लघु-गुरू लावून आले मी."

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या मोबाइलवर कुणा प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकत होत्या. 'विंडो' हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. 'डो' दीर्घ, म्हणून परीक्षेत त्यांनी त्यालाही वजन दिलं होतं. प्राध्यापक मात्र 'विन'वर जोर देऊन 'डो' अलगद सोडून देत होते.

"अगं, लांबी नाय मोजायची! जोर मोजायचा!"

त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की ॲसिड सांडलं असं वाटून साहेब धावत आले. ताईंनी त्यांनाही 'विंडो' म्हणायला लावलं.

मग आम्हाला नादच लागला. 'टेबल' म्हणजे जोरात-हलकं, 'पोलीस' म्हणजे हलकं-जोरात. इंग्रजीत 'हॉटेल'चा जोर 'टेल'वर पडतो हे कळल्यापासून ताई नाक्यावरच्या हॉटेलातल्या पोऱ्यालाही तसंच ऐकवायच्या, आणि तो बिचारा मेनूकार्ड आणून द्यायचा. हलकं-जोरात अशा पाच जोड्या जमल्या की इंग्रजी कवितेची लाडकी ओळ तयार होते. तशी एक त्यांनी स्वतः रचली: 'द बोट रिटर्न्स विद सिल्व्हर फिश ॲट डॉन.'

ती त्यांनी अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या सासूबाईंना अर्थासकट ऐकवली. दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळं साभिनय कळलं.

"सिल्वर फिश म्हंजे पापलेट ना?" सासूबाईंनी विचारलं. "मंग पापलेटच बोल की!"

हसता हसता ताईंनी नापास झाल्याचंही सांगून टाकलं. सासूबाईंनी हातातला बोंबील वलांडीच्या बांबूवर नीट टाकला आणि म्हणाल्या, "येक दिस मासली नाय मिलली, तर बोट इकतो का आपुन? परत बस परीक्षेला."

ताई परत बसल्या. छंदाचा प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी सोडवला. पास झाल्या, आणि शेजारच्याच पालघरच्या एका क्लासमध्ये शिकवायचं कामही मिळालं.

निरोपाच्या दिवशी मी धीर करून माझी ओळ वाचली: 'टुडे यू गो अँड लीव्ह अस ऑल अलोन.'

ताईंनी ती टेबलावर नखानं वाजवून पाहिली. "जोर सगळे बरोबर हायत गं," त्या म्हणाल्या, "अर्थ तेवढा चुकला. मी पालघरलाच चाललेय!"

मग मला मिठी मारली, डोळे पुसले आणि तशाच, अंगातला कंपनीचा पांढरा ॲप्रनही न काढता, गेटबाहेर पडल्या. तो परत घ्यायला वॉचमन मागे धावला. आम्ही सगळ्यांनी खिडकीतून ओरडून त्याला थांबवलं.