भेळेच्या कागदावरची तपासणी

भिंगारमधले सगळ्यात कडक परीक्षक संध्याकाळी सहानंतर भेळेच्या गाडीपाशी भेटायचे. म्हणजे आम्ही तिघं. मी पतसंस्थेत हिशेबनीस, दुसरा झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, आणि तिसरा समोरच्याच शाळेत गणित शिकवणारा. त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. तिघंही एका बाकावर शिकलो, एकमेकांचं बघून पास झालो आणि आता पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगायच्या वयाला आलो होतो.

भेळेला कागद मास्तर पुरवायचा. शाळेच्या रद्दीतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तो स्कूटरवर घालून आणायचा आणि भेळवाले मामा त्याच्या भेळेवर शेव जरा सढळ हातानं टाकायचे. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. भेळ संपली की हातातला कागद मोठ्यानं वाचायचा आणि त्याला नव्यानं मार्क द्यायचे, हा आमचा रोजचा खेळ झाला होता. 'पाण्याचे महत्त्व' या निबंधात एका पोरानं लिहिलं होतं, 'पाणी नसेल तर टँकर येतो.' त्याला मी पैकीच्या पैकी दिले. किल्ल्याचे दोन उपयोग विचारले तर एकीनं लिहिलं होतं, 'एक, सहल. दोन, फोटो.' झेरॉक्सवाल्यानं तिला थेट मेरिटमध्ये घातलं. दुसऱ्याच्या पोरांवर हसायला काही लागत नाही, हातात पोटभर भेळ असली की झालं.

झेरॉक्सवाल्याचा बोर्डाच्या परीक्षेवर जुना राग होता. पेपर सुरू झाले की त्याला दुकान बंद ठेवायला लावायचे आणि मामांची गाडी पार चौकाच्या पलीकडे हाकलायचे.

"म्हंजे कॉपी कोण करतं? मी आन् हे मामा," तो म्हणायचा. "मी कागदाची करतो, मामा चटणीत लपवून आत पाठवतात. वर्गात तर सगळे साधुसंत बसल्यात."

"आमच्या शाळंत तसलं काय चालत न्हाई हां," मास्तर म्हणायचा. "आमचा निकाल शंभर टक्के हाय."

"तेच तर म्हनतोय मी."

मास्तर मात्र खोटं बोलत नव्हता. शंभर टक्क्यांसाठी दहावीत कॉपी लागत नाही, नववीत चाळणी लागते. ज्या पोराचा भरवसा नाही त्याला नववीतच नापास करायचं. मग बापाला बोलावून गोड आवाजात सांगायचं, वर्ष कशाला वाया घालवता, दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवा. बाप खूश, कारण वर्ष वाचलं. शाळा खूश, कारण खडा निघाला. पुढं त्या पोराचं काय झालं हे विचारायला कोणी जात नाही.

त्या जूनमध्ये मामांची थोरली पोरगी नववीत गणितात सहा मार्कांनी गेली. मामांच्या घरात दहावीचं तोंड अजून कोणी पाहिलं नव्हतं. तिच्यावरच सगळी भिस्त होती. बाहेरून बसवणं म्हणजे घरी बसवणं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून रोज आमच्या भेळेबरोबर ते मास्तरला तेच विचारायचे.

"सर, सहाच तर हायेत. काय हुत न्हाई का? शाळंत ऱ्हाऊ द्या पोरीला."

"मामा, माझ्या हातात असतं तर दिले नसते व्हय? पेपरात काय असंल तर मार्क देनार ना. सतरा नंबर भरा. लई पोरं भरत्यात."

मास्तर भेळ चघळत हे सांगायचा. वर पुन्हा, "जरा लिंबू पिळा," असंही म्हणायचा.

दाखला काढायला मामा दुसऱ्या दिवशी जाणार होते, त्या संध्याकाळची गोष्ट. माझी भेळ ज्या कागदात आली ती पुरवणी होती. मुख्य पेपर भरला की पोरं जादा कागद घेतात आणि दोऱ्यानं मागं बांधतात, ती. दोरा सुटलेला होता. मी नेहमीप्रमाणं घसा साफ केला आणि सुरू केलं, "नववी ब, हजेरी क्रमांक एकतीस. विषय गणित. बघू या ही कोणती हुशारी."

मामांचा कांदा कापायचा हात थांबला.

"एकतीस? माझ्या पोरीचा नंबर हाय त्यो."

मी कागद पालथा केला. त्यावर चटणीचा डाग होता, चिंचेच्या पाण्याचा ओघळ होता. लाल शाई मात्र कुठंच नव्हती. एक बरोबरची खूण नाही, एक काट नाही. मास्तरनं ही पुरवणी उघडलीच नव्हती. तीन गणितं होती, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. ताळा करून दाखवलेला, उत्तराभोवती पट्टीनं चौकट आखलेली.

मास्तरनं मान वाकडी करून पाहिलं. "दोरा सुटला आसंल," तो म्हणाला. "कच्चं काम आसंल ते."

मामांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हात फडक्याला पुसून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"भाऊसाहेब, तुमी हिशोबातले. तुमी बघा. बरोबर हायेत का गनितं?"

बघायला मला अर्धं मिनिट लागलं. तिन्ही बरोबर होती. प्रत्येकी चार मार्कांची.

माझा मुलगा त्या वर्षी दहावीत गेला होता. मास्तर त्याचा वर्गशिक्षक, आणि शाळेनं द्यायचे ते आतले वीस मार्क मास्तरच्या पेनात. रोज लोकांच्या पोरांना उदार हातानं मार्क वाटणाऱ्या मी त्या दिवशी कागदाची घडी घातली.

"मामा, हे नवीन पद्धतीचं गणित," मी म्हणालो. "आपल्या वेळचं नाही. मला काही कळत नाही त्यातलं."

झेरॉक्सवाल्याला एकदम दुकानातलं काहीतरी आठवलं आणि तो गेला. मास्तरनं माझ्या खांद्यावर थाप मारली. ती थाप मला आवडली, हे इथं लिहिताना लाज वाटते, पण आवडली खरी.

"व्हय," मामा म्हणाले. "अवघडच असतंय." त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दाखला निघाला. पोरगी तिसगावला मावशीकडं गेली. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा राहून गेला.

पुढच्या वर्षी माझा मुलगा पास झाला. आतले वीसच्या वीस मिळाले. आता भिण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर मला सत्याचा फार उमाळा आला. गाडीवर कोणी नसेल अशी वेळ साधून मी गेलो. मामांना म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोललो. गणितं बरोबर होती. मला कळलं होतं."

मामा कांदा कापत राहिले.

"मलाबी कळलं हुतं, भाऊसाहेब. कागद बघताना तुमचा आंगठा बोटांच्या पेरांवरनं फिरत हुता. मी त्याच्याकडंच बघत हुतो. चारी बोटं झाली, बारा पेरं." त्यांनी माझी भेळ माझ्यापुढं केली. "मला सहाच पायजे हुते."