भिंतीवरचा तेलाचा डाग

स्टोव्हमध्ये ओतताना रॉकेलचा वास हाताला लागला, की मला पलूसच्या काकूंच्या सोप्यातली भिंत आठवते. तिच्यावर त्यांच्या थोरल्या मुलाच्या, दादाच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. सुट्टीवर आला की तो तिथंच टेकून बसायचा. एकाहत्तरच्या लढाईतून तो परतला नाही. लष्कराकडून ‘मिसिंग’ एवढंच कळलं.

काकूंच्या धाकट्या मुलाच्या लग्नाआधी घराला चुना द्यायचा होता. तेलावर चुना धरत नाही, म्हणून काकूंनी दादाच्या बायकोच्या, वहिनीच्या हातात रॉकेलचा बोळा दिला.

“ऱ्हाऊ द्या की आत्याबाई तेवढा.”

“तेलाचा डाग हाय त्यो, माणूस न्हवं. घास,” म्हणत काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या.

वहिनी घासत राहिली. मग तिनं सोड्याचं गरम पाणी मारलं. डाग फिकटत चालला, तसं मान न वळवता तिनं मला विचारलं, “वन्सं, तुमी इंग्रजी शाळंत जाता. मिसिंग म्हंजी माणूस हाय का न्हाई?”

तेव्हा वाटलं, मला मराठी शब्द सापडत नाही. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे आणि शब्द येतात, तरी उत्तर येत नाही.

मी बादली उचलून पाणी बदलायला गेले. परत आले तेव्हा वहिनी तळहातानं ओली भिंत चाचपत होती.