विहिणीचं गाणं आणि आबांचा बेंजो

आबांचं ते गाणं बेंजोमुळे गाजलं, असं अजून कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बेंजो काय बोलतो? बोलत होत्या बायका.

आबा म्हणजे माझे वडील. तळोद्यात त्यांचा लग्नाचा बँड होता. दोन ढोल, एक ट्रम्पेट, एक झांजवाला आणि आबांची क्लॅरिनेट. साठ सालानंतर नंदुरबारकडून दुसरा बँड यायला लागला. लाल कोट, सोनेरी झालर, सिनेमाची नवी चाल आठ दिवसांत तयार. आमच्या वाजवणाऱ्यांचे कोट खाकी, तेही कोपरांवर उसवलेले. गिऱ्हाइकं लाल कोटाकडे वळली. मग आबांनी हट्टाने एक बेंजो आणि तो वाजवणारा आणला, त्याला माइक बांधला, बॅटरी आणि भोंगा बैलगाडीवर चढवला. आवाज पार वेशीबाहेर जायचा. पण वाजवायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं.

ते घरातच बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापत बसलं होतं. माझी माय विहिणीवर गाणी रचण्यात पटाईत. आमच्याकडे रीतच आहे, नवरीकडच्या बायकांनी नवरदेवाच्या आईला गाण्यातून शिव्या द्यायच्या. 'याहीन उनी तोऱ्यामा, पाय पडना गाऱ्यामा.' विहीण तोऱ्यात आली आणि चिखलात पाय पडला, हे त्यातलं सगळ्यात सभ्य कडवं. बाकीची मी लिहिणार नाही, घरात नातवंडं वाचतात. आबांनी ती चाल उचलली, दुप्पट वेगाने बेंजोवर घेतली आणि मागे ढोल लावला. मायला विचारलं का? नाव नको.

आता गंमत बघा. बँड सांगायचा नवरदेवाकडच्यांनी. म्हणजे विहीणबाईंच्याच माणसांनी आणलेला बँड त्यांनाच शिव्या वाजवत गावात शिरायचा. बँडजवळ नुसती चाल. शब्द ओट्याओट्यावरच्या बायका पुरवायच्या. विहिणी पदराआड हसायच्या आणि वऱ्हाडी पुन्हा तेच वाजवायला लावायचे. अक्कलकुव्याच्या बाजारात पोरं ती चाल शिट्टीवर वाजवायला लागली. लाल कोटवाल्यांनीही ती बसवली. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "बेंजोनी करामत शे."

"हां, बेंजोच म्हणस ना गाणं," माय म्हणायची आणि बिबडे उलटायला जायची.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा शहाद्याला हायस्कुलात मास्तर. मला तो आवडला होता, स्पष्ट सांगते. त्याच्या आईची मात्र धास्ती वाटायची. बघायला आल्या तेव्हा ताठ बसून होत्या, चहा अर्धा ठेवला आणि एकदाही हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मोठ्या काकांनी हुकूम काढला. शिकलेली माणसं आहेत, त्यांना असली गाणी चालायची नाहीत. बँड त्यांनी आपलाच सांगितलाय, तो वाजेल तो वाजेल, पण आपल्या एकाही बाईने तोंड उघडायचं नाही. "लग्न मोडनं तं मंग गात बसा," असं मायकडे बघून म्हणाले. मायने मान डोलावली. मीही घाबरून तिला शपथ घातली.

लग्नाच्या दिवशी क्लॅरिनेट भाच्याच्या हाती देऊन आबा फेटा बांधून दारात उभे राहिले. वऱ्हाड आलं ते त्याच चालीवर. भोंगा कोकलत होता, ढोल फुटायचे तेवढे राहिले होते, आणि ओट्यावर आमच्या बायका ओठ मिटून उभ्या. एकीने तर पदराचा बोळा तोंडात धरला होता. एवढं गाजलेलं गाणं, पण एकाचाही पाय उचलेना. मयतीला आल्यासारखं वऱ्हाड उतरायला जानोशाला गेलं. जानोसा आमच्या घरासमोरच्या शाळेत होता.

आणि विहीणबाई रुसल्या. मुहूर्त जवळ आला तरी जागच्या हलेनात. मी मुंडावळ्या बांधून खिडकीत बसले होते, तिथून शाळेची पडवी दिसायची. काका गेले, त्यांनी बँडच्या वतीने माफी मागितली. आबा गेले, बेंजो बैलगाडीवरून उतरवतो म्हणाले. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेवटी वळल्या आणि अशा आवाजात बोलल्या की मला इकडे ऐकू आलं.

"आख्खा तालुकानी याहीनीस्ले गाया दिन्यात. मीच काय पाप करं? माले कोणी आपलं समजत नही का?"

बाईंना गाणं हवं होतं. शिव्या मिळाल्या नाहीत म्हणून त्या रुसल्या होत्या. परक्या बाईला कोण शिव्या देतं?

मायला कोणी बोलवावं लागलं नाही. ती हळदीचे हात पुसत शाळेत घुसली, पदर खोचला आणि पहिल्या कडव्यापासून सुरू झाली. मागून आमच्या सगळ्या बायका धावल्या. विहिणीच्या नाकावर झालं, चालण्यावर झालं, अर्ध्या ठेवलेल्या चहावर तर मायने उभ्या उभ्या नवं कडवं रचलं. बाई ताठच बसल्या होत्या, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. भाच्याने क्लॅरिनेट लावली, बेंजोवाला धावत आला, आणि मघाचं मेलेलं गाणं असं उठलं की काकाही नाचले.

या गाण्याचं शेवटचं कडवं शिव्यांचं नसतं. तिथे नवरीची आई विहिणीला विनवते. 'लेक मन्ही साधी भोयी, तिले देजो गरम पोयी.' माझी लेक साधीभोळी, तिला गरम पोळी द्या. साऱ्या तालुक्यातल्या लेकींसाठी मायने हे गायलं होतं, कधी अडखळली नव्हती. त्या दिवशी 'लेक मन्ही' म्हणाली आणि तिथेच अडखळून तिने पदर डोळ्यांना लावला. बायका थांबल्या. वाजवणारेही थांबले. मी खिडकीत रडायला लागले.

तेव्हा विहीणबाई उठल्या, मायचा हळदीचा हात धरला आणि त्याच चालीत, जाडसर, बेसूर आवाजात म्हणाल्या, "लेक तुन्ही साधी भोयी, तिले देसू गरम पोयी."

मुहूर्त टळून गेला होता. लग्न लागलं ते भटजींनी काढलेल्या दुसऱ्या वेळेवर.

माझ्या सासूने माझ्यावर कमी तोंड टाकलं नाही. मिठावरून, मोरीवरून, सगळ्यावरून. पण पोळ्या करायला ती स्वतः बसायची. पहिली पोळी गाईची. दुसरी माझ्या ताटात. मास्तर ताट घेऊन वाट बघत बसायचे.