भोंग्यात राहिलेला आवाज

...तर उंदीर माईकच्या टेबलावर चढला, इथवर काल आलो होतो. एसटीच्या गाड्या पुकारणारी माईकबाई आपल्या नेहमीच्या गोड सुरात सांगत होती, "धरणाकडे जाणारी गाडी तीन नंबरच्या फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया..." आणि उंदीर समोर! त्याबरोबर अख्ख्या बसस्टँडवर आवाज घुमला, "अगं बाई! मेल्या, उतर आधी खाली! लाज नाही वाटत?" तीन नंबरवर एक धट्टाकट्टा गडी खिडकीतून आत शिरून सीट धरत होता. तो मुकाट्याने खाली उतरला, भोंग्याकडे बघून हात जोडत म्हणाला, "चुकलं, बाई."

असा तो आवाज. बाईचा चेहरा कुणाला माहीत नव्हता, पण आवाज तान्ह्या पोरालाही ठाऊक. एकदा भाजीच्या दुकानात तिने नुसतं "टोमॅटो अर्धा किलो" म्हटलं, तर पलीकडे कोथिंबीर निवडणारी बाई पिशवी उचलून दाराकडे धावली. गाडी लागली असं वाटलं तिला! घरी येऊन माईकबाईने हे रंगवून सांगितलं, तेव्हा नवरा हसून हसून खोकला. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. दिवसभर तिचं भोंग्यातून ऐकायचं, रात्री घरी समोरासमोर.

मग घशात गाठ झाली. ऑपरेशन उत्तम झालं, जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. जो उरला तो पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. नवऱ्याने थट्टेत घ्यायचा प्रयत्न केला, "लग्नानंतर पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत गेलं बघ." एरवी तिने लाटणं उगारलं असतं. या वेळी नुसती भिंतीकडे तोंड करून बसली.

डेपोच्या साहेबांचा निरोप आला, की चौकशीच्या खिडकीत जागा आहे, उद्या येणार की राजीनामा देणार ते आज सांगा. बाई खरखरत म्हणाली, "मी कोण म्हणून जाऊ? लोकांना माहीत होती ती तर गेली."

"बरं, राजीनामा तरी स्वतःच्या हाताने दे," नवरा म्हणाला. "माझी धरणाची फेरी आहेच. चल, सोडतो."

स्टँडवर पोचल्यावर तो गाडी लावायला गेला आणि बाई बाकावर टेकली. शेजारी काठीवाले एक म्हातारबुवा, मांडीवर पिशवी. तेवढ्यात वरून घुमलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

तिचाच आवाज! ती आजारी पडल्यापासून कंट्रोलरने तिची जुनी रेकॉर्ड लावून ठेवली होती. न राहवून ती बुवांकडे झुकली आणि पुटपुटली, "हा माझा आवाज आहे."

"श्श!" बुवा खेकसले. "बाईंना बोलू द्या."

आता यावर माणसाने रडावं का हसावं? बाईला आधी हुंदका आला, पण अर्ध्यावरच त्याचं हसू झालं. आणि त्या हसण्यात तिला आजोबा आठवले.

आजोबा शाळामास्तर. संध्याकाळी ओट्यावर नातीला घेऊन बसायचे आणि एक खेळ खेळायचे. "हा हात कुणाचा?" "माझा." "मग हात म्हणजे तू नव्हेस, हाताची मालकीण तू. हे नाक कुणाचं?" "माझं." "मग नाकही तू नव्हेस." असं करत कान, डोळे, पोट, राग, झोप, सगळं एकेक करून बाजूला काढायचे. शेवटी काही काढायला उरलं नाही, की म्हणायचे, "जी उरली ना, ती तू. तिलाच आत्मा म्हणतात. ती म्हातारी होत नाही, तिला ताप येत नाही." पण नात भारी बिलंदर. एके दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि हे बोलतंय कोण? बोलतेय तीच मी! हरलात!" आजोबा पोट धरून हसले. म्हणाले, "जीभ बोलते खरी, पण तिला बोलतं कोण करतं? असू दे. आज तू जिंकलीस."

तो जिंकलेला डाव तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता. आणि आज आवाज खांबावरच्या भोंग्यात लटकत होता आणि तो ऐकणारी खाली बाकावर बसून हसत होती. दोन्ही वेगळे आहेत हे आता कुणी समजावायला नको. "हरले हो आजोबा," ती मनात म्हणाली, आणि तिला इतकं हलकं वाटलं, की हरण्यात एवढी गंमत असते हे आधी का नाही कुणी सांगितलं!

वरून रेकॉर्ड सांगत होती, "धरणाकडे जाणारी गाडी तीन नंबरच्या फलाटावर..." बुवा काठी टेकून उठले. बाईने पाहिलं, तर तीन नंबरवर नादुरुस्त गाडी अडकलेली आणि नवऱ्याची गाडी पाचवर उभी.

"बाबा, तिकडे नको. धरणाची गाडी पाचवर आहे."

"बाईंनी तीन सांगितलंय."

"बाई चुकतेय."

"बाई?" बुवांनी कपाळाला हात लावला. "बाई जन्मात चुकल्या नाहीत! तुमचा घसा बसलाय की डोकं?"

पाच नंबरवर गाडी सुरू झाली. नवरा हॉर्नवर हॉर्न देत होता. बाईने एका हाताने बुवांची पिशवी उचलली, दुसऱ्या हाताने बुवांना धरलं आणि ओढतच नेलं. वरून तिचाच आवाज तिला खोडून काढत होता, "तीन नंबर, तीन नंबर," आणि ती खालून खरखरत होती, "पाच, पाच!" तो तमाशा बघून नवऱ्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते हसू लपवायला.

बुवांना ढकलून आत चढवलं, पिशवी हातात दिली. पाटीवर 'धरण' लिहिलेलं कंडक्टरने वाचून दाखवलं, तेव्हा कुठे ते सीटवर टेकले. तरी समाधान होईना. खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलंच, "अहो, पण एवढ्या बाईंना खोटं पाडणाऱ्या तुम्ही आहात तरी कोण?"

माईकबाईने पदराने तोंड पुसलं आणि त्याच फाटक्या आवाजात, गाडीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "तो वरचा आवाज आहे ना बाबा, त्याची मी मालकीण. आवाज राहिला भोंग्यात, मी अख्खीच्या अख्खी इथे आहे. उद्यापासून चौकशीच्या खिडकीत बसणार आहे, काही अडलं तर खुशाल या!"