वाटाड्यानं दिलेलं झुडूप

जर्मनीत हायडेलबर्गमध्ये मी बुरशीवर पीएचडी करत होते. फुटबॉल वर्ल्डकपचा उन्हाळा होता, घराघरांच्या खिडक्यांतून झेंडे लटकत होते. एक दिवस शेजारच्या विभागातल्या प्रोफेसरांनी मला बोलावलं. मी सातपुड्यातली पावरा आदिवासी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

टेबलावर एका जुन्या कागदाला वाळलेलं झुडूप चिकटवलेलं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांच्याच कुणा देशबांधवानं ते आमच्या डोंगरातून आणलं होतं. शेजारी त्याची रोजनिशी होती. प्रोफेसर ती मला समजावून सांगत गेले. वाटाड्या जखमेवरचं औषध दाखवेना, म्हणून त्याला झाडाला बांधून फटके मारले. संध्याकाळी त्यानं हे झुडूप आणून दिलं.

"काळच तसा होता," म्हणत त्यांनी पान उलटलं.

झुडूप मी ओळखलं. माझे वडील गावात औषध देतात. ते याचं मूळ उगाळून जखमेवर लावतात. कागदावर मूळ नव्हतं. बुडाशी सरळ काप होता. पाठीवर वळ उठले, तरी त्या माणसानं मूळ जमिनीतच ठेवलं होतं.

"तुमच्याकडे याचा कुठला भाग वापरतात?" प्रोफेसरांनी विचारलं.

"पानं," मी म्हणाले. "कोवळी."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ते खूश होऊन लिहून घेऊ लागले. मला इतका आनंद झाला, की हसू लपवायला मी झुडपावर वाकले.

झुडपाची ती जात त्यांच्या बागेतल्या काचघरात होती. आठ महिने तिच्या पानांचे अर्क निघत राहिले. काम एका जर्मन विद्यार्थिनीकडे होतं. ती माझ्याच वसतिगृहात राहायची, आमचं स्वयंपाकघर एकच. ती दमून आली की मी तिला डाळभात वाढायचे आणि विचारायचे, "काही सापडलं?" ती मान हलवायची. मला बरं वाटायचं. एकदा भांडी घासताघासता ती रडली, तेव्हा बरं वाटलं नाही. तरी मी बोलले नाही.

शेवटी दोन्ही विभागांच्या बैठकीत सगळ्यांसमोर प्रोफेसरांनी ते काम बंद केल्याचं सांगितलं. वर म्हणाले, "अशा लोकांच्या औषधांत बऱ्याचदा नुसती श्रद्धाच असते."

मी उभी राहिले. "औषध आहे. पानांत नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"का?"

"तुम्ही त्याला बांधून मारलंत."

"मी? मी तर जन्मलोही नव्हतो!"

"झुडूप तुमच्या कपाटात आहे. आणणाऱ्या साहेबाचं नाव त्यावर आहे. मार खाणाऱ्याचं आहे?"

मग, मला अजून खरं वाटत नाही, त्यांनी विचारलं, "मग कुठल्या भागात आहे?"

"मारून बघा," मी म्हणाले.

माझ्या पीएचडीच्या गाईडनं मला माफीपत्र लिहायला सांगितलं. मी ते लिहिलं नाही. माफी फक्त त्या मुलीची मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि आपली भांडी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात नेली.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते पोट धरधरून हसले. मग म्हणाले, "त्या पोरीचं काय झालं?"

"संशोधनाचा विषय बदलला तिनं," मी म्हणाले. तिचं वर्ष वाया गेलं, हे त्यांना सांगितलं नाही.