बैहरच्या वळणावर

छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीत दादानं मला बसवलं, तेव्हा मी रडत होते. खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "काहून रडून राह्यली? अमेरिकेतले भुतं तुले पाहून पळतीन." शेजारची बाई हसली, मग मीही हसले. दादा बैहरला, घाटातल्या एका गावी, जंगलखात्यात कारकून होता. माझ्या शिष्यवृत्तीचे सगळे अर्ज त्यानंच टाइप केले होते.

मी अमेरिकेत पोचून महिना झाला नव्हता, तोच बैहरच्या घाटात त्याची जीप उलटली. तार मिळाली तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं.

आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि दर गुरुवारी गटात बसून त्यावर बोलायचं, अशी पद्धत होती. त्या वर्षीचं पुस्तक नेमकं तिथल्या भुतांच्या दंतकथांचं होतं. मुलं चिप्स खात, हसत बोलत. त्यांची भुतं जुनी, त्यातलं एकही त्यांच्यापैकी कुणाच्या नात्यातलं नव्हतं. मला त्या हसण्याचा हेवा वाटे.

अशात आईचं पत्र आलं. बैहरच्या बसच्या ड्रायव्हरला वळणावर दादा दिसला होता, पांढरा शर्ट, काखेत फाइल. नंतर जवळच्या लामता गावातल्या एका दुकानदारालाही दिसला. "तुह्या वहिनीले तं रोजच दिसत असन," आईनं लिहिलं होतं.

भुतं मी मानत नव्हते, तरी जळले. त्या परक्या ड्रायव्हरला दिसावा, आणि मला नाही? गुरुवारी प्राध्यापिकेनं विचारलं, तुमच्याकडे अशा कथा आहेत का? मी नाही म्हणाले. दादा मला त्यांना द्यायचा नव्हता.

दोन वर्षांनी घरी आले. बैहरच्या बसनं एकटीच गेले, वळणावर डोळे फाडून बसले. बांबू होते, माकडं होती.

बैहरला पोचले तेव्हा वहिनी घरी तांदूळ निवडत होती. मी टोचूनच विचारलं, "तुम्हाले तं दिसतच असन?"

"हौ म्हणते मी लोकायले. बायकोलेच दिसला नाही म्हटलं तं कसं वाटते?" तिनं सूप खाली ठेवलं. "खरं सांगू, ताई? एकडावही नाही दिसला. त्या ड्रायव्हरचा मले लय राग येते."

अमेरिकेत परतल्यावर घर म्हटलं की आता मला वहिनीचं पत्र आठवतं. दर पत्राच्या पहिल्याच ओळीत ती लिहिते, अजून नाही दिसला. वाचून मला बरं वाटतं. ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी तिनं मला कळवू नये.